मुकी

आमच्या वॉचमनचा मुलगा सहा वर्षांचा आहे. जूनमध्ये दरभंग्याहून आला, इथल्या शाळेत जातो. आज बाईंनी त्याच्या बापाला बोलावून सांगितलं, "मुलाला बोलताच येत नाही." अहो, मैथिलीत दिवसभर तोंड बंद नसतं त्याचं! तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

माझी आजी मालवणची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन सदाशिव पेठेत आली. पहिल्याच पंगतीत "माका नको" म्हणाली आणि सगळे खो खो हसले. मग ती बोलेनाशीच झाली. वाड्यात तिचं नाव पडलं, मुकी.

पोलिशमध्ये जर्मनीला न्येम्त्सी म्हणतात, चेकमध्ये न्येमेत्स्को. रशियनमध्ये जर्मन माणूस म्हणजे न्येमेत्स. या तिन्ही स्लाव्ह भाषा, आणि शब्द आला 'मुका' अशा अर्थाच्या जुन्या स्लाव्ह शब्दावरून. रशियनमध्ये आजही मुक्याला न्येमोय म्हणतात. हंगेरियन भाषा मुळात वेगळ्या कुळातली, पण तिनेही शेजाऱ्यांकडून 'नेमेत' उचलला. रोमानियनमध्येही तोच. पूर्वी रशियात तर पश्चिमेकडून आलेला कुणीही न्येमेत्सच. 1652 मध्ये मॉस्कोबाहेर परदेश्यांची वेगळी वस्ती वसवली, न्येमेत्स्काया स्लोबोदा. तिथे डच होते, स्कॉटिश होते. सगळे मुके! आणि स्लाव्ह हे स्वतःचं नाव? ते 'स्लोवो' म्हणजे शब्द, यावरून आलं असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे आम्ही शब्दवाले आणि तुम्ही मुके. कळत आपल्याला नाही आणि मुका समोरचा, हा कुठला न्याय?

काही जण या नावामागे नेमेटेस नावाची टोळी होती म्हणतात. असेल. आजचे पोलिश लोक हा शब्द कुणाला हिणवायला वापरत नाहीत, हेही खरं. पण आपणही काही वेगळे नाही. ग्रीकांना परक्यांचं बोलणं नुसतं बर-बर ऐकू यायचं, म्हणून ते 'बार्बारोस'. आपल्या संस्कृतातल्या 'बर्बर'चाही एक अर्थ अडखळत बोलणारा असाच आहे.

बाईंच्या वर्गात साठ मुलं आहेत, मान्य. पण एकदा त्याच्या आईला तरी विचारायचं!

वर्षातून एकदा आजीचा भाऊ यायचा. दोघं ओसरीवर बसायची आणि आजी जी सुरू व्हायची! हातवारे, हसणं, मधेच डोळे पुसणं. दिवेलागण व्हायची तरी थांबायची नाही. आम्ही पोरं उंबऱ्यात बसून बघत राहायचो, ही आपलीच आजी का म्हणून.

आत्ता खाली गेटपाशी तो पोरगा फोनवर त्याच्या आजीशी बोलतोय. चौथ्या मजल्यावर ऐकू येतंय.