जेम्सटाउनची छावणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जेम्सटाउन म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियात इंग्रजांनी १६०७ मध्ये वसवलेली वसाहत; तिथे आज त्या काळचे कपडे घालून तेव्हाचं जगणं उभं करून दाखवतात. त्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की हौशी लोकांनी जुने कपडे चढवून बंदुकीचे बार काढायचे, पोरांनी टाळ्या पिटायच्या आणि वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तली चुलीच्या धुराआड दडवायच्या. मराठी माणसाला याचं कौतुक कशाला? प्रतिक्रिया झोंबरी आहे, पण मोघम नाही. म्हणून जरा सविस्तर.

नाटक आहे, यात वादच नाही. तिथले ‘सैनिक’ संध्याकाळी गाडीत बसून घरी जातात. १६०७ च्या मे महिन्यात उतरलेल्या १०४ जणांपैकी पुढच्या जानेवारीत ३८ उरले होते. त्यांच्यातल्याच जॉर्ज पर्सीनं लिहून ठेवलंय: पाच जणांत दिवसाला उकडलेल्या सातूचं एक छोटं भांडं, आणि प्यायला नदीचं पाणी, भरतीला खारट, ओहोटीला गाळानं भरलेलं. ती उपासमार कुठल्याच छावणीत उभी करता येणार नाही. कुणी तसा आव आणला तर मीही तुमच्याच बाजूनं भांडेन.

पण ती तोड्याची, म्हणजे पेटत्या दोरीनं उडवायची, बंदूक तेवढी नीट बघा. पेटता तोडा डाव्या हाताच्या बोटांत. बंदुकीच्या कानाजवळच्या (बत्ती देण्याच्या भोकाजवळच्या) वाटीत रंजक, म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू, घालायची, झाकण लावायचं, सांडलेली दारू फुंकून उडवायची, कारण विस्तव वीतभर अंतरावर. मग पट्ट्याला लोंबणाऱ्या लाकडी नळकांड्यांतलं एक नळीत रिकामं करायचं, गोळी सोडायची, गजानं ठासायचं. तोडा खटक्याला अडकवायचा, फुंकून लाल करायचा, झाकण उघडायचं आणि मग बार. तोही उडेलच असं नाही. पुष्कळदा रंजक नुसती फुर्र होते. पाऊस असेल तर बोलायलाच नको. तेवढ्या वेळात समोरचा किती बाण सोडेल, हे तिथे उभं राहिल्यावर कुणी सांगावं लागत नाही. पर्सीच सांगतो की पिस्तुलाच्या गोळीला न जुमानणारी एक ढाल झाडाला लावली, तर पास्पाहेग या तिथल्या मूळ जमातीतल्या एकाचा बाण तिच्यात फूटभर घुसला. मग पोलादी ढाल लावली. त्यावर बाणाचे तुकडे झाले आणि तो गडी चिडून निघून गेला.

‘बंदुका होत्या म्हणून गोरे टिकले’ हा आपला आवडता समज इथे ढिला पडतो. सुरुवातीला ते तगले पॉव्हॅटन या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मक्यावर.

कत्तलींबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. १६१० च्या ऑगस्टमध्ये याच पर्सीच्या हाताखालच्या तुकडीनं पास्पाहेग गाव जाळलं, सरदाराच्या राणीला मुलांसकट पकडलं, मुलांना नदीत फेकून गोळ्या घातल्या आणि पुढे राणीलाही मारलं. हे आपल्याला कळतं तेही पर्सीच्याच लेखणीतून. माझं मत विचाराल तर बार काढून झाला की त्याच वेशात, त्याच जागी, तो उतारा वाचून दाखवावा. टाळ्या मग वाजल्या तर वाजल्या.

राहिला मराठी माणूस. जेम्सटाउन वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा कारभार पाहणारा सर टॉमस स्माइद हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. जेम्सटाउनला रसद धाडणारा आणि सुरतेला गलबतं धाडणारा माणूस एकच. सुरत आपल्याला परकी नाही.

कधी जाणं झालंच, तर तिथे दोन ठिकाणं आहेत. प्रतिकृतीचा किल्ला वेगळा. मूळ किल्ल्याची जागा, जिथे १९९४ पासून उत्खनन चालू आहे, ती वेगळी. १६०९-१० च्या दुष्काळी हिवाळ्यात मेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीची, सुरीचे घाव असलेली कवटी या दुसऱ्या ठिकाणी ठेवलीय. आधी तिथे जा, बंदुका नंतर.