साखर २१ दिवस बंद केली की खाण्याची ओढ मरते, हे खरं नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज तीन ग्रुपवरून माझ्याकडे आला. "साखर कोकेनपेक्षा आठपट व्यसन लावते. २१ दिवस साखर, मैदा, तळलेलं पूर्ण बंद करा, रात्री फक्त लिंबूपाणी घ्या, खाण्याची ओढ कायमची मरेल. साखरेऐवजी गूळ हवा तेवढा चालतो. ज्याला जमत नाही त्याच्यात इच्छाशक्ती नाही." असा प्रयोग मी पूर्वी दोनदा केला आहे. दोन्ही वेळा आधीपेक्षा जास्त वजन घेऊन थांबले, म्हणून एकेक वाक्य धरून बोलते.

आधी कोकेन. २००७ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी उंदरांपुढे दाबायच्या दोन पट्ट्या ठेवल्या. एक दाबली की शिरेतून कोकेन, दुसरी दाबली की गोड पाणी. ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी निवडलं. पण हे ९४ टक्के सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थाच्या पाण्याचे आहेत, साखरेचे नाहीत. "आठपट" हा आकडाही त्या अभ्यासात कुठे नाही.

उंदरांचंच ऐकायचं, तर अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि निकोल अवीना यांनी केलेलं काम ऐकावं. रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखरपाणी दिलेले उंदीर त्यावर तुटून पडू लागले आणि त्यांच्यात व्यसनासारखी लक्षणं दिसली. ज्यांच्यापुढे साखरपाणी आणि खाणं कायम होतं, त्यांच्यात ती दिसली नाहीत. साखर दोघांनाही मिळत होती, फरक उपाशी ठेवण्याचा होता. आणि मेसेज आपल्याला नेमकं तेच करायला सांगतो.

माझ्या घरात हे कसं घडायचं ते सांगते. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी काकडी-टोमॅटो आणि ताक, संध्याकाळी काही नाही, रात्री लिंबूपाणी. दहा-बारा दिवस कौतुक व्हायचं. मग एका रात्री अकरा वाजता, सगळे झोपल्यावर, मी ओट्याशी उभी. दिवा लावलेला नाही, डब्याचं झाकण वाजू नये म्हणून पदराने धरलेलं, आणि हातात बेसनाचा लाडू. तिसऱ्या लाडवाला चवसुद्धा कळत नव्हती. पाचव्यानंतर फरसाणाचा डबा. सकाळी स्वतःची लाज वाटायची, आणि ती लाज झाकायला पुन्हा नाश्ता बंद. मला वाटायचं मी हावरट आहे. मी दिवसभर उपाशी होते, हे समजायला फार वर्षं गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ही स्वतःहून आलेली, निग्रही मुलं होती. तरी त्यांना दिवसरात्र अन्नच सुचू लागलं, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, आणि पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांचं खाणं आवरेना. भुकेल्या शरीराला चारित्र्याचं प्रमाणपत्र मागू नये.

आता २१ दिवस. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननी १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. "किमान" गळलं आणि सगळ्या सवयींना तोच आकडा चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी मोजल्या, तेव्हा सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर एका लाडवाने सगळं मोडलं असं समजून मी पुढचे चार खाल्ले नसते.

गुळाचं थोडक्यात: त्यातही मुख्यतः साखरच असते आणि उष्मांक जवळपास तेवढेच. चवीसाठी खा, पण "हवा तेवढा" नाही.

इच्छाशक्तीचा आरोप मात्र मला खरोखर लागतो. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न दिलं, दोन आठवडे घरच्यासारखं साधं. वाढलेल्या ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश सारखेच, खायचं हवं तेवढं. पाकीटबंद अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. इच्छाशक्ती तीच होती, ताटातलं अन्न बदललं होतं.

मी शेवटी केलं ते असं. सकाळी मुगाची दोन धिरडी, दुपारी भाकरी, उसळ, भाजी, साडेपाचला मूठभर फुटाणे, रात्री पुन्हा नीट जेवण. फरसाणाचा किलोचा पुडा आणणं बंद, लागलं तर छोटं पाकीट. लाडू बंद केला नाही, पण तो बशीत घेऊन, बसून, सगळ्यांसमोर खायचा. चौदा महिन्यांत नऊ किलो उतरले. रात्रीचं ओट्याशी उभं राहणं मात्र पहिल्या दोन महिन्यांतच कमी झालं, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं.

ज्यांचं आठवड्यातून एकदा तरी, तीन-तीन महिने, आवर न घालता येणारं खाणं होतं, पोट दुखेपर्यंत, लपून, आणि नंतर घृणा वाटते, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत २०१३ पासून हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला आहे आणि त्यावर उपचार आहेत.

हा मेसेज मला पहिल्यांदा पाठवला तो मावशीने. ती मधुमेहाच्या गोळ्या घेते. गोळी चालू ठेवून तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं आणि पहाटे दरदरून घाम फुटून, हात थरथरत जागी झाली होती. रक्तातली साखर उतरली होती. मी तिला फोन करून सांगितलं, "मावशी, आज रात्री जेव, आणि उद्या डॉक्टरांना हे सगळं सांग." तिने विचारलं, "मग ते २१ दिवस?" मी म्हटलं, "ते सोड. काय जेवणार आहेस ते सांग." ती म्हणाली, "ज्वारीची भाकरी आणि मेथी."