दोन वर्षं मातीत घालायचीच असतात

दहावीचा निकाल लागला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा चार जणांकडून आला, त्यातले एक माझे चुलत दीर. मथळा असा : ‘पोराची दोन वर्षं मातीत घालू नका!’ खाली पाच मुद्दे. एक, शेती वर्गात शिकता येत नाही, ती बापाच्या मागं फिरून येते. दोन, आता सगळं मोबाईलवर फुकट मिळतं. तीन, दोन वर्षांच्या कृषी डिप्लोमाला बाजारात किंमत नाही. चार, ही कॉलेजं नुसती नावाला, फी भरा आणि परीक्षेला या. पाच, डिप्लोमा केलेला पोरगा पुन्हा रानात पाय ठेवत नाही. शेवटी हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढं पाठवा’.

मला पटलं नाही, म्हणून पुढं न पाठवता लिहायला बसले. मी मोहोळ तालुक्यातली, मंगळवेढ्याकडं दिलेली. दहावीनंतर दोन वर्षांची कृषी पदविका केली, मराठीतून, चार सत्रांची. २००७ ला बाहेर पडले. आता सकाळी रानात असते आणि दुपारी आमच्या कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर. तेव्हा जे सांगते ते ऐकीव नाही.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीचाच त्रास जास्त होतो. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, ओळखायला मला आप्पांनी, म्हणजे वडिलांनी शिकवलं. मूठभर माती दाबून लाडू करायचा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर तिफण जुपायची, नाही फुटला तर घरी जाऊन चहा प्यायचा. कोळपणीचं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवण्याचंही तसंच. ज्वारी तीन आठवड्यांची झाली की फटीचं कोळपं, पाचव्या आठवड्याला पासेचं, आठव्याला दातेरी. आमची काळी माती उकलली की भेगांतून ओल उडून जाते, त्या भेगा बुजवायला ही तिसरी कोळपणी. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले.

पुढं कॉलेजात ज्वारीचा पाठ आला तर त्यात हेच. तेच तीन आठवडे, पाच आठवडे, आठ आठवडे आणि तीच तीन कोळपी. मला तेव्हा वाटलं होतं, हे मास्तर आमच्या आप्पांना भेटून आले की काय! पुढं कळलं की ते फार चुकीचं नव्हतं. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. त्या संशोधकांनी इथल्याच रानात, इथल्याच माणसांचं बघून आणि मोजून काढलेलं ते ज्ञान आहे. आपली रब्बीची मालदांडी ज्वारी घ्या. ‘मालदांडी’ हे नाव शेतकऱ्याचं, पुढचा ‘३५-१’ हा आकडा मोहोळच्या संशोधन केंद्राचा. गावठी मालदांडीतून निवड करून करून काढलेला तो वाण आहे. दाणा शेतकऱ्यानं जपला, निवड संशोधकांनी केली. त्यामुळं ‘बाप की पुस्तक’ असलं भांडण कुणी लावलं की मला ते भातुकलीतलं वाटतं.

मग कॉलेजानं वेगळं काय दिलं? एक खड्डा.

मृदाशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आपापल्या रानात खड्डा घेऊन मातीची खोली मोजून आणायला सांगितलं होतं. आमचं रान उताराचं, वर माळ आणि खाली काळी. सुट्टीत घरी गेले, टिकाव घेतला आणि दोन्हीकडं खणायला लागले. आप्पा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, “खड्डा कशाला खणायलीस गं? गुप्तधन हाय का?” खाली दोन फुटांपलीकडं गेले तरी काळी संपेना. वरच्या बाजूला फूटभर गेल्यावर टिकाव खणकन वाजला. पिवळा, खडबडीत मुरूम. दोन्हीकडची खोली मी टेपनं मोजून वहीत लिहिली.

आमच्यात दोन्हीकडं वर्षानुवर्षं मालदांडीच पेरायचे. वरची कमी येते हे आप्पांना ठाऊक होतं, पण ते म्हणायचे, “माळ हाय, माळासारखंच यायचं.” राहुरीच्या विद्यापीठाच्या शिफारशीत मात्र जमिनीच्या खोलीप्रमाणं वाण दिलेले आहेत : फूटभर मातीला फुले माऊलीसारखा लवकर येणारा, त्याहून खोल मध्यम जमिनीला मालदांडी ३५-१ चालते, दोन फुटांच्या पुढच्या भारी रानाला फुले वसुधा, फुले यशोदा. कारण साधं आहे. रब्बीला वरून पाऊस नाही, सप्टेंबरात मुरलेलं पाणी म्हणजेच पिकाची शिदोरी. फूटभर मातीत ती लवकर संपते, म्हणून दहा-पंधरा दिवस आधी पोटरीत येणारा, म्हणजे कणीस धरणारा वाण तिथं तरतो. आप्पांनी घासाघीस करून अर्धा एकर दिला. त्या वर्षी परतीचा पाऊस लवकर आटोपला. वरच्या मालदांडीची कणसं पोचट निघाली, शेजारची माऊली भरली. आप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी वरच्या रानाचं बी मला न विचारता बदललं होतं, एवढंच.

मोजण्याचं अजून एक. मध्यम जमिनीतल्या कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी १६ आणि ८. युरियात नत्र ४६ टक्के, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के. हिशोब केला तर एकरी ३५ किलो युरिया आणि ५० किलो सुपर. आमच्या दुकानात येणारे निम्मे लोक अजून ‘एकरी एक पोतं युरिया’ या मापानं चालतात, सुपर नाही घेतलं तरी चालतं त्यांना. मधल्या काळात युरियाचं पोतं ५० वरून ४५ किलोचं झालं, तरी माप ‘एक पोतं’च. हे गणित आठवीचं पोरगं करील. पण ते करायचं असतं, हे कुणीतरी सांगावं लागतं.

आता मोबाईल. मीही बघते, रोज बघते. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तिथल्या शास्त्रज्ञांची भाषणं घरबसल्या ऐकायला मिळतात, वाईट काय आहे त्यात? पण गेल्या हंगामात एक मामा दुकानात आले. फोनवर दोन गोष्टी दाखवल्या : पिवळ्या पडलेल्या डाळिंबाच्या झाडाचा फोटो, आणि एका व्हिडिओत सांगितलेल्या औषधाचं नाव. “हे द्या, चार लिटर.”

मी विचारलं, “मामा, खोड आडवं कापून बघितलं का?”

“न्हाई.”

“खोडावर टाचणीएवढी भोकं? खाली भुसा?”

“ते कोण बघतंय.”

“मुळी उकरली? गाठी हायत का?”

मामा वैतागले. पण ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि लांबून तिन्हींत झाड पिवळंच दिसतं. बुरशीची मर असेल तर कापलेल्या लाकडात काळपट-तपकिरी डाग दिसतो. भोकं असतील तर पिनहोल बोरर, खोड पोखरणारा बारीक भुंगेरा. मुळीला गाठी असतील तर सूत्रकृमी, डोळ्याला न दिसणारे मातीतले जंत. एकाचं औषध दुसऱ्याला उपयोगाचं नाही, आणि सांगोल्याकडं ज्यांच्या बागा गेल्या त्यांना यातल्या एकेका चुकीची किंमत विचारा. दुसऱ्या दिवशी मामांनी पिशवीतून मुळ्या आणल्या. गाठीच होत्या, मण्यांच्या माळेसारख्या. व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता, तो दुसऱ्याच झाडाबद्दल बोलत होता.

तिसरा मुद्दा वाचून मला हसू आलं, कारण आमच्या दुकानाच्या भिंतीवर चौकटीत लावलेला कागद तोच आहे. कीटकनाशकं विकायच्या परवान्याला आता शिक्षणाची अट आहे. कृषीची पदवी, विज्ञानाच्या काही पदव्या आणि कृषी पदविका त्यात चालतात. परवान्यासाठी माझं प्रमाणपत्र लागलं, यजमानांची बी.ए. चालली नाही. (ते हे वाचणार आहेत, त्यांनी रागावू नये.) लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एक गृहस्थ घरी आले होते. म्हणाले, ताई, तुमचा डिप्लोमा आमच्या दुकानाला लावू द्या, तुम्ही यायची गरज नाही, वर्षाला इतके इतके देतो. असे ‘भाड्याचे डिप्लोमे’ तालुक्या-तालुक्यात आहेत, सगळ्यांना माहीत आहेत. मी नाही म्हटलं. औषधाच्या डब्यावरचा जहाल विषाचा लाल त्रिकोण आणि सौम्य विषाचा हिरवा त्रिकोण यातला फरक न कळणाऱ्याच्या हातात माझं नाव द्यायचं नव्हतं. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीनं माणसं गेली, ते वाचल्यापासून तर मुळीच नाही. पण मला सांगा, ज्या कागदाला किंमतच नाही त्याचं भाडं कोण देतं?

नोकरीचं म्हणाल तर तिथं मी साखर पेरणार नाही. कृषी सेवकाच्या भरतीला पदविका चालते. तिथून पुढं कृषी सहायक होता येतं, ज्यांचं नाव २०२५ मध्ये सहायक कृषी अधिकारी झालं. पण जागा कधी निघतील याचा भरवसा नसतो, आणि निघाल्या की पदवीवालेही त्याच रांगेत उभे राहतात. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने मुबलक, त्यांच्या शेतकी विभागात, गट ऑफिसांत माझ्या बरोबरचे तिघे आहेत. ऊसनोंदी, तोडीचा कार्यक्रम, बांधावर शिव्या खाणं, असं काम. ठिबकच्या, बियाण्यांच्या कंपन्यांत फिरतीची नोकरी मिळते, पगार सुरुवातीला बेताचा. नोकरीची हमी पाहिजे असणाऱ्यानं या वाटेनं येऊ नये. पण मेसेज ‘हमी नाही’ असं म्हणत नाही, ‘किंमत नाही’ म्हणतो. त्यात फरक आहे.

पाचव्याला दोन ओळी पुरेत. पोरगा रानात परतत नाही कारण तीन एकरांत दोन भाऊ आणि विहिरीला फेब्रुवारीत तळ. डिप्लोमा न केलेलेही पुण्याला जातातच की. आणि मेसेजभर ‘पोरगा, पोरगा’ आहे. खुरपणीला, ज्वारी काढायला, खुडायला रानात कोण असतं ते बघून लिहिलं असतं तर एखादी ‘पोरगी’ही आली असती त्यात.

चौथा मुद्दा मुद्दाम मागं ठेवला. त्यात दम आहे.

मी ज्या कॉलेजात गेले त्याचं नाव सांगत नाही. माहितीपत्रकात प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजची शेती होती, प्रत्यक्षात मुरमाड माळ होता, त्यावर घाणेरी आणि वेडी बाभळ. पहिल्या सत्रात प्रात्यक्षिक म्हणजे आदल्या वर्षीच्या मुलांच्या वह्या उतरवणं. पेरणीची तारीखसुद्धा त्यांचीच उतरवली आम्ही. ज्या दिवशी पेरणी केली म्हणून मी लिहिलं त्या दिवशी मी मावसभावाच्या लग्नात जेवत होते. हजेरीला पट होता, मुलं नव्हती. काही जण खरोखर परीक्षेलाच दिसायचे. दुसऱ्या वर्षी एक नवे सर आले, त्यांनी त्या माळाच्या कोपऱ्यात दहा गुंठे आमच्याकडून साफ करून घेतले, प्रत्येकाला दोन दोन वाफे दिले, तेव्हा कुठं शिक्षण सुरू झालं. खड्डा त्यांनीच खणायला लावला होता. ते आले नसते तर मेसेजवाल्याचं म्हणणं माझ्यापुरतं शंभर टक्के खरं ठरलं असतं. दोनातलं एक वर्ष माझं फुकट गेलं, फी मात्र दोन्ही वर्षांची पूर्ण घेतली.

पण यावरून निघतं ते एवढंच, की कॉलेज बघून घ्या. आपण बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो, आणि पोरांचा प्रवेश घेताना रंगीत कागद बघतो. आधी ते कॉलेज कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे का ते विद्यापीठाकडूनच विचारून घ्या, एजंटाकडून नको. मग सकाळी सातला न सांगता जा. अडचण अशी की प्रवेश जून-जुलैत होतात आणि तेव्हा आपल्याकडं रब्बीचं रान मोकळंच असतं, त्यामुळं पीक बघून काही कळायचं नाही. म्हणून मी लोकांना पर्जन्यमापक, म्हणजे पाऊस मोजायचं भांडं, बघायला सांगते. तो बहुतेक कॉलेजांत असतो, कुंपण घालून. आमच्याकडच्यात कोळ्यानं जाळं केलं होतं.

तो दिसला की पावसाची नोंदवही मागा आणि गेल्या सप्टेंबरची पानं उघडा. सोलापूरचा निम्मा जीव त्या महिन्याच्या पावसावर असतो. रोजची नोंद असेल, मध्ये एखादा दिवस खाडा असेल, आकडे वेगवेगळ्या पोरांच्या अक्षरात असतील, एखाद्या पानावर चिखलाचा अंगठा असेल, तर खुशाल प्रवेश घ्या. सगळा महिना एकाच पेनानं एकाच दिवशी लिहिल्यासारखा दिसला, तर चहा घेऊन परत या. आणि वही कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे असं सांगितलं, तर चावी कुणाकडं असते तेवढं विचारा.