बर्फ लावून लगेच मैदानात नको
एका लेखात लिहिलंय की पाय मुरगळला तर बर्फ लावा, दुखणं थांबलं की खेळायला लागा, त्यातल्या दुसऱ्या भागाबद्दल बोलायचंय. मी नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर रोज पळायला जातो आणि संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांची कबड्डी घेतो. गेल्या वर्षी एका पोराचा घोटा मुरगळला, मी स्वतः वीसेक मिनिटं बर्फ धरला, तो म्हणाला दादा आता दुखत नाही आणि परत रेडला गेला, पहिल्याच वळणाला तोच पाय परत मुरगळला, यावेळी सूज दुप्पट. चूक माझीच. दुखणं थांबतं ते थंडीमुळे नसांमधून संदेश हळू जातात म्हणून, पण त्याच थंडीने स्नायूची ताकद आणि चपळाई पण थोडा वेळ कमी होते, आणि सांधा नक्की कुठल्या कोनात आहे हे न बघता कळतं ना, ती जाणीवही बोथट होऊ शकते. म्हणजे दुखत नाही याचा अर्थ पाय तयार आहे असा नाही!! आता मी बर्फानंतर पोरांना त्या दिवशी बसवूनच ठेवतो.

उलट गुडघ्याला सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळत नाही, तिथे फिजिओ मुद्दाम आधी गुडघा थंड करून मग व्यायाम घेतात, त्याने स्नायू जास्त चांगला काम करतो. पण ते हळू, देखरेखीखाली, रेड टाकायला नाही. आणि बर्फ कपड्यात गुंडाळूनच हं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला संदेश नेणारी नस (नर्व्ह) अगदी कातडीखाली असते, तिथे जास्त वेळ दाबून धरू नका.