माहीत नसलं की पांडव येतात

नाशिकजवळची पांडवलेणी, म्हणजे खरं तर बौद्ध भिक्खूंची लेणी, पांडवांनी कोरली, असं सांगणाऱ्या माणसाला मी अडाणी म्हणत नाही. निदान १८३७ पर्यंतच्या माणसाला तरी नाहीच. त्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडली. त्याआधी कित्येक शतकं नाशिकच्या त्या डोंगरावर चढणाऱ्यासमोर भिंतीवर अक्षरं होती आणि ती वाचणारा पंचक्रोशीत सोडा, देशात कुणी उरला नव्हता. भिक्खू केव्हाच निघून गेलेले. सातवाहनांची आठवण शालिवाहन शकापुरती. एवढे खांब कोरले कुणी, याचं उत्तर तर हवंच होतं. मग ज्यांची नावं लोकांच्या तोंडी होती, त्यांच्या नावावर डोंगराचा सातबारा चढला.

आणि त्या अक्षरांत होतं काय? दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. ३००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, ठेव. त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, महिना शेकडा १ व्याजानं. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात तिथं राहणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब करून बघा, वर्षाचे २४० बरोबर जुळतात. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही बजावून ठेवलंय. भीमाच्या गदेपेक्षा मला ही ठेवपावती जास्त थरारक वाटते, पण असो.

सांगायचंय ते हे, की अज्ञानाची जागा रिकामी राहत नाही. 'माहीत नाही' हे माणसाला सोसत नाही, म्हणून तो तिथं गोष्ट आणून बसवतो. त्यात वाईट काही नाही. वाईट होतं ते गोष्ट बसली की प्रश्नच उठून जातो तेव्हा. तसा मी तरी ब्राह्मी कुठं वाचतो? ज्यांनी वाचली त्यांच्यावर विश्वासच ठेवतो. फक्त उद्या कुणी त्या वाचनात चूक दाखवली, तर माझ्या भावना दुखावणार नाहीत.

आमच्याकडचा द्राक्ष बागायतदार या बाबतीत भल्याभल्यांपेक्षा शहाणा. छाटणीनंतर ढग दाटले की पाऊस पडेल का, डावणी हा बुरशीचा रोग येईल का, त्याला माहीत नसतं. ते धरूनच तो औषध मारतो. घरात नवस बोललेला असेलही, पण नवस बोलला म्हणून फवारणी चुकवत नाही! तो जे बोर्डो मारतो त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला, वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, की नेमक्या त्याच वेली डावणीतून वाचल्यात. देवाची कृपा म्हणून पुढं जाता आलं असतं. त्यानं चौकशी केली, प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते मिश्रण जगापुढं मांडलं.

पण सगळंच अज्ञान असं भाबडं नसतं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आतून दारं लावून घेणाऱ्यांच्या बाजूला शिकलेली, शास्त्रं जाणणारी मंडळी होती. त्यांना काय माहीत नव्हतं? त्याच गावातला दुसरा माणूस कसा जगतो, ते. आणि करून घ्यायचंही नव्हतं, कारण मग दार उघडावं लागलं असतं. हे अज्ञान सांभाळावं लागतं, त्याची राखण करावी लागते. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं जाहीर केलं.

आजही चांगले पदवीधर लोक मला विचारतात, 'एका मंदिरात जायला एवढा आटापिटा कशाला?' हा प्रश्न विचारायला लागणारं अज्ञान कपाटभर पुस्तकं वाचूनही टिकवता येतं. नाशिकमध्येच टिकवलेलं पाहिलंय मी.