प्रतिक्रियेला उत्तर: ‘आर’ दिसलं म्हणून चित्रपट बाद करायचा का?

मुलांना कोणता चित्रपट दाखवायचा हे ठरवायला, अमेरिकेत सरकारी सर्टिफिकेट असताना पालकांसाठीच्या खासगी वेबसाइटींचे आकडे हवेत कशाला, ती तर चार सोवळ्या मंडळींची मतं, असं तुम्ही लिहिलंय.

पहिली गोष्ट, तिथलं पीजी-१३ (तेराखालच्या मुलांबाबत पालकांनी सावध राहावं) किंवा आर (सतराखालच्यांसोबत पालक किंवा मोठं माणूस हवं) सरकार देत नाही. १९६८ पासून ते काम चित्रपट कंपन्यांच्याच संघटनेकडे आहे आणि कायद्याने ते सक्तीचंही नाही. (आपल्याकडे सेन्सॉरचं सर्टिफिकेट कायद्याने लागतं, म्हणून हा घोळ होतो.)

त्यांचा एक नियम बघा. ‘एफ’वरून सुरू होणारी ती शिवी एकदा आली की किमान पीजी-१३. एकाहून जास्त वेळा आली की आर. त्यातून सूट हवी तर दोन-तृतीयांश मतं लागतात. २०१० च्या ‘द किंग्ज स्पीच’ला याच हिशेबात आर मिळालं. मारामारी नाही, नग्नता नाही. तोतरेपणावरचे उपचार घेताना चित्रपटाचा नायक, पुढे ब्रिटनचा राजा होणारा जॉर्ज, भराभर शिव्या घालतो, एवढंच. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने आधी १५ (पंधराखालच्यांना बंदी) दिलं, मग तेच प्रसंग ठेवून १२ए (बाराखालच्यांसोबत मोठं माणूस हवं) केलं. नुसत्या ‘आर’वरून शिव्या आहेत की कापाकापी, हे कळायचं कसं?

किड्स-इन-माइंड ही वेबसाइट इथेच कामी येते. तिथे ० ते १० मधले तीन आकडे असतात, क्रमाने: लैंगिकता-नग्नता, हिंसा, भाषा. शिफारस कसलीच नाही. फक्त त्यांची सरासरी काढू नका. १-१-७ आणि ३-३-३ यांची सरासरी तीनच येते, पण चित्रपट पार वेगळे. कॉमन सेन्स मीडिया या दुसऱ्या साइटवर कितव्या वर्षापासून बघावा ते वय वेगळं, दर्जाचे तारे वेगळे. पाच तारे म्हणजे लहान मुलांसाठी, असं अजिबात नाही.

सोवळ्याचा आक्षेप मूव्हीगाइडला मात्र लागू पडतो. ती उघडपणे ख्रिस्ती दृष्टीची साइट आहे. +४ ते −४ ही त्यांची पट्टी नैतिकतेची. बिगरख्रिस्ती श्रद्धा आणि जादूटोणा यांच्यासाठीही वेगळ्या खुणा आहेत. पुरस्कारही ते देतात, पण कुटुंबासाठी आणि प्रौढांसाठी असे दोन गट करून. पोस्टरवर त्यांचं नाव दिसलं तर गट कोणता ते आधी बघा.

आणि हो, या साइटींवर प्रसंगच्या प्रसंग लिहिलेले असतात, कधी शेवटासकट. वाचताना मुलांना शेजारी बसवू नका.