पालकांची सही

एक्कावन्नाव्या वर्षी मला टेस्टच्या पेपरवर आईबापांची सही आणायला सांगितली. परवा संध्याकाळची गोष्ट. वीसपैकी सहा मार्क, लाल पेनने गोल करून, आणि खाली छापलेलं, पेरेंट्स सिग्नेचर. मी म्हटलं, मॅम, हे माझ्यासाठी नसेल ना? तर ती तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी मान वर न करता म्हणाली, "फॉरमॅट है अंकल, सबका होता है."

मागचं थोडक्यात सांगतो. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर बंगलोरचे साहेब 'डोन्ट लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' असं काहीतरी म्हणाले आणि मी माइक बंद आहे समजून मोठ्यांदा विचारलं, कोणाची मांजर? तेव्हापासून तिकडची पोरं मी कॉलवर आलो की म्याव करतात. म्हणून इंदूरच्या भंवरकुआंला इंग्रजीचा क्लास लावला. घरी सांगितलं, शुगर वाढलीय, रोज तासभर फिरायला जाणार. बायको बिचारी कौतुकाने पाण्याची बाटली भरून देते. फी सहा हजार म्हणाले होते, भरायला गेलो तर ७०८०, कारण जीएसटी वेगळा, जो फोनवर कोणी बोललंच नव्हतं, आणि पहिल्या दिवशी धडा कोणता, तर 'ऑनेस्टी अँड डिसेप्शन'. प्रॅक्टिकल आधी, थिअरी नंतर.

माझ्या बेंचवर एक नमकीनवाले भिया बसतात. साठीचे असतील, मुलगा-सून कॅनडात, नातवाशी बोलता यावं म्हणून आलेत. अंगाला कायम लौंग सेवेचा वास, त्यामुळे सहा वाजता क्लास सुरू झाला की सव्वासहाला मला भूक लागते. पहिल्या दिवशी मॅमनी मांजरीची गोष्ट सांगितली, की पूर्वी इंग्लंडच्या बाजारात लबाड विक्रेते पोत्यात डुकराचं पिल्लू म्हणून मांजर बांधून द्यायचे, पोतं उघडलं की मांजर बाहेर, म्हणून गुपित फुटणं. भिया उभेच राहिले.

"मैडम, गिराक ने थैली उठाई नहीं?"

"उठाई होगी अंकल."

"तो वजन नहीं समझा? और बिल्ली पूरे रस्ते चुप बैठी? मैं पाव भर सेव में दस ग्राम कम डाल दूं ना, तो इंदौर का आदमी पाकीट हाथ में लेते ही बोल देता है, भिया, हवा के पैसे अलग से लोगे क्या?"

मॅम म्हणाल्या, ती नुसती कहानी आहे. भिया म्हणाले, मग कहानीचे नंबर का कापता? वर्ग हसला, मी पण हसलो, पण घरी येऊन रात्री पांघरुणात फोन घेऊन शोधलं (बायकोला वाटलं स्टेप्स मोजतोय) तर भियांचंच खरं. हा वाक्प्रचार १७६० साली लंडनच्या एका मासिकात छापलेला सापडतो, पण डुकराच्या गोष्टीला धड पुरावा कोणाकडे नाही. त्याहून मजा 'कॉल अ स्पेड अ स्पेड'ची. म्हणजे जे आहे ते स्पष्ट बोला, फावड्याला फावडं म्हणा. तर मूळ ग्रीकमध्ये फावडं नव्हतंच! ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहिलं होतं कठवत किंवा टब म्हणावं असं भांडं, डच पंडित इरॅस्मसने लॅटिनमध्ये आणताना त्याचं फावडं केलं, आणि १५४२ मध्ये निकोलस उडॉलने तेच इंग्रजीत घेतलं. खरं बोला सांगणारी म्हणच चुकून आलेली. भियांना सांगितलं तर म्हणाले, "मतलब माल दूसरा, पैकिंग दूसरी. और ये हमको ईमानदारी सिखा रहे हैं."

आता माझं दुखणं ऐका. टेस्टमध्ये 'रेड हेरिंग' आलं, शब्दशः खारवलेला लाल मासा, म्हणजे मुद्द्यावरून लक्ष भलतीकडे वळवणं. मला अर्थ येत होता हो! मी उदाहरण म्हणून पेडगाव लिहिलं. १६७४, बहादूरखानाची छावणी, मराठ्यांची एक तुकडी समोरून हुलकावणी देऊन मोगलांना लांब पळवते आणि दुसरी मागून येऊन छावणी साफ करते, वेड पांघरून पेडगावला जाणं ते यावरूनच असं सांगतात. अर्धं पान, तेही इंग्रजीत. शून्य. बाजूला शेरा, 'आउट ऑफ सिलॅबस'. आमच्याकडे बिंग फुटतं, पितळ उघडं पडतं, ताकाला जाऊन लोक भांडं लपवतात, खाई त्याला खवखवतं, लबाडीची एवढी शब्दसंपत्ती घरात पडून असताना मी ७०८० रुपये देऊन खारवलेल्या माशावर नापास होतोय, आणि म्याव करणाऱ्या पोरांना यातलं एक तरी येतं का, तर नाही, पण प्रमोशन त्यांनाच.

असो. तर सही. भियांना चौदा मार्क. (चौदा! रोज भांडणाऱ्या माणसाला!) सही त्यांनाही हवी होती, वडील कधीच गेलेले. खाली स्कूटरच्या सीटवर पेपर ठेवून म्हणाले, "ऐसा करो सरजी, आप मेरे पिताजी बन जाओ, मैं आपका बन जाता हूं." मी नको नको म्हणेस्तोवर त्यांनी माझ्या पेपरवर झोकात सही ठोकली, खाली दोन टिंबं. मग मीही त्यांचा बाप झालो, आणि त्या गडबडीत पेपर अदलाबदल होऊन दोघं आपापल्या घरी.

आज रविवार. आम्ही पोहे खात बसलोय आणि दारात भिया, एका हातात पाव किलो सेव, दुसऱ्या हातात माझा पेपर. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आईला वाकून नमस्कार केला आणि सुरूच झाले, "माताजी, आपका बच्चा मेहनती है, बस मछली वाले सवाल में कमजोर है." बायकोने आधी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या बाटलीकडे. माझा चेहरा बघून भियांच्या काहीतरी लक्षात आलं. जीभ चावली आणि म्हणाले, "सॉरी सर. आय लेट द कॅट आउट ऑफ द बॅग."

एकही चूक नाही. चौदा उगाच नाही मिळाले.

आईने चष्मा लावून पेपर हातात घेतला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण आयुष्यभर शाळेत शिकवलंय. मार्कांवर बोट ठेवून पुढे गेली, काही बोलली नाही. सहीपाशी मात्र थांबली.

"हे जाऊन अकरा वर्षं झाली," आई म्हणाली. "जन्मभर इंग्रजीत सही करायचे. तिकडे जाऊन विसरले वाटतं."